दोन हजार एकशे सतरा टप्पे

कोल्हापूर ते टोरांटो, सरळ रेषेत
बारा हजार सातशे किलोमीटर.
जावयानं आकडा काढून पाठवला,
मी सहानं भागला. सवय.
दोन हजार एकशे सोळा टप्पे, खाली उरले चार.
अर्धवट टप्पाही पुरा धरायचा,
एकोणतीस वर्षं याच्यावरून लोकांशी भांडलो,
म्हणून सतरा.

वेळ लिहिलीय पंधरा तास वीस मिनिटं.
पण एवढं सरळ कुणी येत नाही म्हणे.
आधी दोहा. तिथं साडेसात तास खुर्चीत.
मग मुंबई, मग उजळाईवाडीचं छोटं विमान.
दोह्याला चहा चारशे रुपये.
थांबा कुणाच्या सोयीनं ठरतो
ते मला कुणी शिकवू नये.

प्रणोती निघालीय. तीन वर्षं आठ महिन्यांनी.
ट्रंकेतून जुनं वेबिल काढलं, मागची बाजू कोरी होती.
पट्टीनं रकाने आखले:
ठिकाण, सुटली, पोचली, प्रवासी.
प्रवासी एक.

फोनवर विमान तांदळाएवढं, पिवळं.
त्याची रेघ वर बर्फाकडं चढते, मग खाली उतरते.
रंकाळ्याला जायला कुणी पन्हाळ्यावरनं जातं का?
जावई म्हणाला, पप्पा, पृथ्वी गोल आहे, हीच सरळ वाट.
बरं.
घाटातही आम्ही वळणांनाच रस्ता म्हणत होतो.

शालन विचारते, कुठवर आली?
काळ्या समुद्रावर.
काळ्या?
अगं, नाव आहे ते.
ती आत जाऊन उगाच डबे वाजवते.

मग तांदूळ हललाच नाही. एक तास.
कंट्रोलच्या खिडकीत बसायचो तेव्हा
बाया विचारायच्या, गारगोटी कुठं अडकली ओ?
मी म्हणायचो, येतीया की.
मला काय माहीत असायचं?
आज खिडकीच्या बाहेर मी,
आणि आत कुणीच नाही.

एक गोष्ट पोरीला सांगितलेली नाही.
ती जन्मली रात्री एकला.
मी कडगावला होतो, वस्तीच्या गाडीवर,
शाळेच्या व्हरांड्यात, पैशाची पिशवी उशाला घेऊन.
अकरा टप्पे फक्त.
सकाळी सहाला डबल बेल दिली
आणि मुदाळ तिट्ट्याला पाटा तुटला.
माणसं दुसऱ्या गाडीत बसवून दिली, सुट्ट्यासकट.
गाडी सोडून मला जाता येत नव्हतं.
समोरून आलेल्या निपाणीच्या ड्रायव्हरनं
काच खाली करून ओरडून सांगितलं, पोरगी झाली, पेढे!
आणि तो गेला.
ब्रेकडाउन व्हॅन आली दुपारी तीनला.
मी दवाखान्यात पोचलो संध्याकाळी सहाला, हाताला ग्रीस,
म्हणून नर्सनं आधी साबण दिला, मग पोर.
सतरा तास.
आता हिशेब करतो
तर कडगाव टोरांटोच्या पुढं निघतं.

पहाटे चारला फोन.
पप्पा, मुंबईत उतरले,
पण कोल्हापूरचं विमान रद्द केलंय, उद्याचं देतो म्हणतात.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
थांबत नाही. एसटीनं येते.

मी बराच वेळ काही बोललो नाही.
शालन म्हणाली, काय झालं हो, काय झालं?
मी वेबिल पुढं ओढलं.
मुंबई ते कोल्हापूर, सडकेनं, चौसष्ट टप्पे.
हे मला पाठ आहेत.
कुठं चहा बरा, कुठं धुकं,
कुठल्या वळणाला झोपलेली माणसं
एकदम जागी होऊन पिशव्या चाचपतात.

तिला सांगितलं, ड्रायव्हरच्या मागची सीट घे, डाव्या अंगाची.
कंडक्टरला माझं नाव सांगू नको, नवीन पोरं आहेत,
ओळखणार नाहीत.
आणि तिकीट जपून ठेव.
कशाला पप्पा?
अगं, असू दे.

दुपारी स्टँडवर मी फलाटाच्या कडेला उभा राहीन,
बघायला मागेन.